एन, एम, एच : एका शोधनिबंधाचे वाचन

'जर्नल ऑफ फिजिऑलॉजी' या इंग्रजी नियतकालिकाच्या ऑगस्ट १९५२ च्या अंकात पंचेचाळीस पानांचा एक निबंध आहे. लेखक अ‍ॅलन हॉजकिन आणि अँड्र्यू हक्सली. त्या वर्षी तेथेच प्रसिद्ध झालेल्या पाच निबंधांच्या मालिकेतला हा शेवटचा. चेतातंतूच्या पटलावरील विद्युत विभव क्षणाक्षणाला कसा बदलतो, याचे गणिती वर्णन त्यात आहे. या कामासाठी दोघांना १९६३ साली जॉन एकल्स यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले. साहित्याच्या विद्यार्थ्यांनी आणि अध्यापकांनी हा निबंध वाचावा, निदान त्याचा शेवटचा भाग तरी वाचावा, असे मला गंभीरपणे वाटते. मी स्वतः तीस वर्षे मराठी शिकवले. त्यातली समीकरणे मला सोडवता येत नाहीत. पण एखादा ग्रंथ आपले प्रतिपादन कोठवर नेतो आणि कोठे थांबतो, हे ओळखणे तर आपलेच काम आहे.

विषयाची तोंडओळख आधी करून द्यायला हवी. पेशीभोवतीचे पटल अवघे पाचेक नॅनोमीटर जाडीचे असते. त्याच्या आतली बाजू बाहेरच्या मानाने ऋण असते. चेतापेशीत हा फरक साधारण सत्तर मिलिव्होल्टचा. बॅटरीतल्या सेलचे दीड व्होल्ट आठवले तर हा आकडा क्षुल्लक वाटेल. मात्र तो किती अंतरावर पसरला आहे ते पाहिले की चित्र बदलते. सत्तर मिलिव्होल्टला पाच नॅनोमीटरने भागले असता मीटरमागे एक कोटी चाळीस लाख व्होल्ट येतात. कोरड्या हवेत ठिणगी पडायला मीटरमागे सुमारे तीस लाख पुरतात. म्हणजे आपण ज्याला 'शांत बसणे' म्हणतो त्या अवस्थेतही प्रत्येक चेतापेशीची ही तलम साल आकाशातल्या विजेला पेलणार नाही इतका ताण धरून असते.

हा ताण येतो कोठून? पेशीच्या आत पोटॅशियम जास्त, बाहेर सोडियम जास्त. ज्या प्राण्यावर हे संशोधन झाले तो म्हणजे आपला माकूल, कोकणातल्या बाजारात टोपलीत दिसतो तो. त्याच्या जाड अक्षतंतूत पोटॅशियमचे प्रमाण लिटरला सुमारे चारशे मिलिमोल, तर बाहेर वीस. सोडियम आत पन्नास आणि बाहेर चारशे चाळीस. पटलातून पोटॅशियम थोडेथोडे बाहेर झिरपू शकते. ते बाहेर पडताना धनभार घेऊन जाते, आत ऋणभार उरतो आणि तो उरलेला ऋणभार बाहेर निघालेल्याला परत ओढू लागतो. जाण्याची ओढ आणि परतीची ओढ जेथे जवळजवळ बरोबरीला येतात तेथे विभव स्थिरावतो. हे १९०२ साली युलिउस बेर्नश्टाइन यांनी मांडले होते. चेतापेशी उद्दीपित झाली की पटलाची निवड करण्याची शक्ती क्षणभर नाहीशी होते, सगळेच आयन आरपार जातात आणि विभव शून्यावर येतो, हेही त्यांनी सांगितले. सुटसुटीत, पटण्याजोगे आणि सदतीस वर्षे टिकलेले मत.

१९३९ च्या उन्हाळ्यात प्लिमथच्या सागरी प्रयोगशाळेत हॉजकिन आणि हक्सली यांनी माकुळाच्या अक्षतंतूत लांबीच्या दिशेने काचेची बारीक नळी सरकवली. हा तंतू अर्धा ते एक मिलिमीटर जाडीचा असू शकतो; संकट आले की पाण्याचा झोत सोडून निसटण्यासाठी निसर्गाने प्राण्याला दिलेली ही घाईची तार. तिचे महत्त्व तीनच वर्षांपूर्वी जे. झेड. यंग यांनी ओळखले होते. हक्सली यांनी आधी तंतूतल्या द्रवात पाऱ्याचे थेंब सोडून तो किती दाट आहे ते पाहू म्हटले. थेंब खाली गेलेच नाहीत, कारण आत द्रव नव्हता, शिरा गोठावा तसा मऊ घट्ट पदार्थ होता. तो प्रयोग तेथेच संपला आणि नळी विभव मोजण्याच्या कामी आली. मोजमापाने मात्र चकित केले. विभव शून्यावर येऊन थांबेना. शून्य ओलांडून तो कितीतरी मिलिव्होल्ट धन बाजूला गेला. बेर्नश्टाइन यांच्या सिद्धांताला जेथे पूर्णविराम होता तेथे वाक्य पुढे चालूच राहिले. या निरीक्षणाचे त्रोटक टिपण त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात 'नेचर'मध्ये आले, स्पष्टीकरणाविना. सप्टेंबरात युद्ध सुरू झाले होते. एकजण रडारच्या कामावर गेला, दुसरा तोफांच्या नेमबाजीचे गणित करू लागला. एका वाक्याचा अर्थ लावायला त्यांना पुढची काही वर्षे सवड नव्हती.

युद्धानंतरची कथा थोडक्यात सांगते. लाइपझिगहून नाझींमुळे परागंदा झालेले बेर्नहार्ट कात्झ यांच्याबरोबर हॉजकिन यांनी १९४९ मध्ये दाखवले की भोवतालच्या पाण्यातले सोडियम कमी केले की उसळीची उंचीही कमी होते. उद्दीपनात पटल सगळ्यांना मोकळे होत नाही. आधी ते विशेषकरून सोडियमला वाट देते. सोडियम आत घुसते, आतली बाजू धन होते. मग सोडियमची वाट मिटते, पोटॅशियमची रुंदावते आणि विभव परत खाली येतो. सारे दोनेक मिलिसेकंदांत.

अडचण अशी की यात कारण आणि कार्य एकमेकांत गुरफटलेले आहेत. विभव बदलला की वाटा उघडतात, वाटा उघडल्या की विभव बदलतो. कोण कोणामुळे, हे धावत्या घटनेत कळणे अशक्य. अमेरिकेत केनेथ कोल यांनी १९४७ च्या सुमारास यावर तोड काढली : बाहेरून आवश्यक तेवढा प्रवाह सतत पुरवून विभव एका ठरावीक आकड्यावर जखडून टाकायचा आणि तो तेथे राखण्यासाठी किती प्रवाह लागतो ते मोजायचे. याला 'व्होल्टेज क्लॅम्प' म्हणतात. चक्राचा एक आरा हातात धरून ठेवायचा म्हणजे दुसरा कसा फिरतो ते दिसते. आपल्याकडे कवितेचे विवेचन करताना आशय आणि रूप यांच्यात नेमके हेच चक्र असते. वर्गात आपण ते 'अविभाज्य आहेत' असे सांगून मोकळे होतो. अविभाज्य तर आहेतच. तरीही एकाला क्षणभर रोखून दुसऱ्याकडे पाहण्याची काही रीत शोधावी, असे आपल्याला फारसे वाटलेले नाही.

आता निबंधाच्या गाभ्याकडे. विभव जखडून मिळालेल्या वक्ररेषांचे वर्णन करण्यासाठी लेखकांनी तीन चल कल्पिले : एन, एम आणि एच. तिन्हींची किंमत शून्य ते एक यांच्या दरम्यान. पोटॅशियमची वाट एनच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात उघडते. सोडियमची वाट एमचा तिसरा घात गुणिले एच या प्रमाणात. (मराठीत 'घात' या शब्दाला गणिताबाहेर जो अर्थ आहे तो बाजूला ठेवून वाचावे.) एम चपळ आहे, विभव चढू लागताच मिलिसेकंदाच्या अंशात वाढतो आणि दार उघडतो. एच सावकाश, तो त्याच वेळी घटू लागतो आणि उघडलेले दार मागून लोटून घेतो. एनही सावकाश, पण चढता. तिघांच्या वेगांतल्या या फरकातून सगळा आलेख घडतो : उसळी, उतार आणि त्यानंतरचा तो थोडा वेळ, ज्यात पेशीला कितीही डिवचले तरी ती उत्तर देत नाही. एच अजून परतलेला नसतो, एन अजून ओसरलेला नसतो. पेशीला पुन्हा बोलायला तेवढा अवकाश लागतो.

ही समीकरणे सोडवायची होती केंब्रिजच्या विद्यापीठीय संगणकावर. पण तो फेरबदलांसाठी सहा महिने बंद होता. मग हक्सली यांनी हाताने दांडा फिरवायच्या ब्रुन्सविगा गणनयंत्रावर ती सोडवली. तंतूवरून धावणाऱ्या तरंगाचे उत्तर काढायला सुमारे तीन आठवडे लागले. त्यात तरंगाचा वेग आधी अंदाजाने धरावा लागे. अंदाज चुकला की पुढच्या पायऱ्यांत विभव अनंताकडे पळून जाई आणि दुसरा वेग धरून पुन्हा दांडा फिरवणे आले. अखेरीस वेग आला सेकंदाला १८.८ मीटर. त्याच तापमानाला प्रत्यक्ष तंतूवर मोजलेला वेग होता २१.२. जखडलेल्या पटलावर घेतलेल्या मोजमापांतून मोकळ्या तंतूवरच्या तरंगाचा वेग इतका जवळ यावा, हे मला आजही अद्‌भुत वाटते.

येथे कोणीही विजयघोष केला असता. हे दोघे करत नाहीत. निबंधाच्या अखेरीस ते सावधपणे बजावतात की हा मेळ बसला म्हणून आमची समीकरणे अनुभवसिद्ध वर्णनापलीकडे काही आहेत असे समजू नका. अगदी निराळ्या स्वरूपाच्या समीकरणांनीही इतकेच चांगले वर्णन साधले असते. त्याहून मला आवडलेली जागा आधीची आहे. पोटॅशियमसाठी चौथाच घात का? पाचवा किंवा सहावा घेतला असता तर रेषा अधिक जुळली असती, हे ते स्वतःच सांगतात. पण त्या सुधारणेसाठी वाढणारी गुंतागुंत परवडणारी वाटली नाही. म्हणजे चार हा आकडा ही तडजोड आहे. १९६० साली कोल आणि मूर यांना एका विशिष्ट परिस्थितीत तीच रेषा जुळवायला पंचविसावा घात लागला!

गंमत पुढे आहे. १९९८ मध्ये रॉडरिक मॅकिनन यांनी एका जिवाणूतल्या पोटॅशियम वाहिनीची अणुरचना उलगडली. मधल्या छिद्राभोवती चार सारखे घटक रचलेले होते, आणि चेतापेशीतल्या पोटॅशियम वाहिन्याही चौघटकीच असतात. एनचा चौथा घात जणू देहधारी होऊन समोर आला. विद्यार्थ्यांना हे फार आवडते. पण त्या न्यायाने सोडियमच्या वाहिनीत एमचे तीन आणि एचचा एक सुटा भाग सापडायला हवा होता, तो तसा नाही. तेथेही चार खंड आहेत, पण एकाच लांब साखळीचे आणि एकसारखे नसलेले. शिवाय दार मिटणे हे उघडण्यापासून स्वतंत्र नाही, उघडण्याशी ते बांधलेले आहे. तेव्हा एका जागी गणिताने वास्तव ओळखले आणि दुसऱ्या जागी फक्त त्याची चाल हुबेहूब उतरवली. निबंधातल्या त्या सावध वाक्यांत दोन्ही शक्यतांना जागा होती.

मराठी समीक्षेत याच्याशी ताडून पाहण्याजोगे नाव मला एकच सुचते, मर्ढेकरांचे. संवाद, विरोध आणि समतोल या लयीच्या तीन तत्त्वांतून त्यांनी सौंदर्याचे जे वर्णन केले तेही एक प्रतिरूपच आहे : थोडी चले, कडक नियम, त्यातून विविध कलाकृतींची रचना काढून दाखवण्याची ईर्ष्या. त्यावर आपण इतकी वर्षे वाद घातला तो ही तत्त्वे 'खरी' आहेत की नाहीत यावर. त्यांनी कोणती कविता किती जुळते आणि कोणती अनंताकडे पळून जाते, हे दांडा फिरवून पाहणारे मात्र थोडेच. असो, हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

हा निबंध माझ्या हाती आला तो भाचीमुळे. ती जीवभौतिकीची संशोधक आहे. एका मराठी नियतकालिकासाठी तिला पटलविभवावर लेख लिहायचा होता. "आत्या, फक्त शुद्धलेखन बघ," असे म्हणून तिने कागद दिले. शुद्धलेखनावर आम्ही थांबलो नाही. 'विभव' हा शब्द शाळेच्या पुस्तकांमुळे सर्वांना ठाऊक आहे. पण भरताचे रससूत्र शिकवण्यात हयात गेलेल्या डोळ्यांना तेथे 'विभाव' दिसतो. एका कान्याचा फरक. त्या नादात मी तिला सुचवले की पेशी उद्दीपित नसतानाच्या विभवाला 'विश्रांती विभव' म्हणण्यापेक्षा 'स्थायी' म्हण, छान जुने नाव आहे. तिने दोन्हींना नकार दिला. म्हणाली, स्थायी म्हटले की तो आपोआप टिकून आहे असे वाटते, आणि विश्रांती तर तेथे मुळीच नाही : आयन सतत झिरपत असतात, आणि पटलातला पंप प्रत्येक फेरीला तीन सोडियम बाहेर फेकून दोन पोटॅशियम आत ओढत असतो, अखंड इंधन जाळत. हा पंप १९५७ मध्ये येन्स स्कोऊ यांनी दाखवला. शेवटी 'विराम विभव' ठरले. विरामचिन्हाच्या दोन्ही बाजूंना वाक्य चालू असते, एवढे समाधान.

ती या विषयाकडे का वळली हे आमच्या घरात कोणी बोलत नाही, कारण सर्वांना ठाऊक आहे. तिचे वडील, माझा धाकटा भाऊ, अकरा वर्षांचा असताना १९७९ च्या मे महिन्यात अंगणात पडला. कोणी कांदा फोडून नाकाशी धरला, कोणी चप्पल. नंतरच्या वर्षभरात देवऋषी झाला, गंडेदोरे झाले, 'बाहेरचे' आहे की 'उष्णतेचे' यावर घरात दोन तट पडले. जिल्ह्याच्या गावी एका वृद्ध डॉक्टरांनी आईला सांगितले, "मेंदूत वीज असते बाई, ती मधेच जास्त होते." या एका वाक्याने आमच्या घरातले वातावरण जेवढे बदलले तेवढे नंतरच्या कुठल्याही उपचाराने बदलले नाही. विजेला कोणाचा शाप लागत नाही. ते वाक्य अचूक नव्हते, हे मला आता कळते. पण उपयोगी प्रतिरूप म्हणजे काय, याचे माझ्यापुरते पहिले उदाहरण तेच.

त्याला फेनिटॉइन सुरू झाले. फिट थांबल्या नाहीत, विरळ झाल्या. हिरड्या वाढल्या, त्या औषधाने वाढतात. वर्गात हसताना तो तोंडावर हात धरू लागला. ती सवय अजून आहे.

१९९४ मध्ये त्याचे लग्न ठरत होते. त्या वेळचा कायदा आठवावा. हिंदू विवाह कायद्यात १९७६ च्या दुरुस्तीने विवाहाच्या अटींमध्ये वारंवार येणाऱ्या वेडाच्या झटक्यांशेजारी अपस्मार हा शब्द आणून बसवला होता. तो तेथून गेला १९९९ च्या दुरुस्तीने. म्हणजे ज्या वर्षी आम्ही मुली पाहत होतो त्या वर्षी माझा भाऊ कायद्याच्या लेखी वेड्यांच्या रांगेत होता. वडिलांचे मत, सांगू नये. आईचे मत, देव पाहील. कांदेपोहे झाल्यावर पाच मिनिटे बोलायला मिळाली तेव्हा त्याने मुलीला स्वतःच सांगून टाकले. दोन ठिकाणांहून नकार आला. तिसऱ्या मुलीने विचारले, "आल्यावर मी काय करायचे?" ती माझी भावजय.

फेनिटॉइन मेरिट आणि पुटनम यांनी अपस्मारासाठी पुढे आणले १९३८ मध्ये, प्लिमथच्या त्या उन्हाळ्याच्या एक वर्ष आधी. ते का लागू पडते हे तेव्हा कोणालाही सांगता आले नसते. ज्या भाषेत ते सांगायचे तीच अजून घडायची होती. आज ते ढोबळमानाने एचच्या भाषेत सांगता येते. सोडियमची वाहिनी एकदा उघडून मिटली की पुन्हा उघडण्याजोगी व्हायला तिला काही वेळ लागतो. औषधाचा रेणू नेमका त्या मिटलेल्या अवस्थेतल्या वाहिनीला चिकटतो आणि तिचे परतणे लांबवतो. एखाददुसरी उसळी सुखरूप पार पडते, कारण मध्ये भरपूर सवड असते. पण फिटमध्ये पेशी सेकंदाला शेकडो वेळा उसळू पाहतात तेव्हा लांबलेला तो विराम त्यांना गाठतो. नेहमीचे बोलणे चालू राहावे आणि किंचाळी तेवढी अडावी, अशी ही निवड. भाचीने तिच्या लॅपटॉपवर एचचा परतण्याचा वेग कमी करून दाखवला. हक्सली यांच्या तीन आठवड्यांचे काम पापणी लवायच्या आत झाले, आणि पडद्यावर दाट उभ्या रेघांची ओळ तिसऱ्या-चौथ्या रेघेनंतर विरत गेली. भाऊ शेजारी बसला होता. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "पुन्हा कर."

तिने त्या दिवशी पाच-सहा वेळा करून दाखवले. पण तिला या चित्राचा मोह पडू द्यायचा नव्हता. फिट ही एका तंतूत घडणारी घटना नव्हे, ती असंख्य पेशींच्या आपसांतल्या व्यवहारात घडते, हे तिने वडिलांना दोनदा सांगितले. उदाहरणही दिले. लहान मुलांत ड्रावे नावाचा एक तीव्र अपस्मार असतो. त्यातल्या बहुतेक मुलांत सोडियम वाहिनीच्या एससीएन१ए या जनुकात दोष असतो, हे २००१ पासून कळू लागले. सोडियमची वाट आधीच अधू, म्हणजे फिट कमी यायला हव्यात. येतात जास्त, कारण अधू झालेल्या वाहिन्या मुख्यतः इतरांना आवरणाऱ्या पेशींच्या असतात. या मुलांना फेनिटॉइनच्या जातीचे औषध दिले तर आजार वाढू शकतो. समीकरण तेच, रेणू तोच, आणि एका घरात जे तारते ते दुसऱ्या घरात मारते.

भावाला फिट येण्यापूर्वी एक वास येतो. ओल्या फळ्यावर खडू फिरवल्यासारखा, असे तो सांगतो. हे वर्णन त्याने पंचेचाळीस वर्षांत बदललेले नाही. मी तो वास एन, एम, एचमध्ये शोधत नाही आणि भाचीही शोधत नाही. तिच्या लेखात मात्र तिने त्यासाठी एक परिच्छेद राखला होता, आणि मी त्यातला एक शब्दही हलवू दिला नाही. वाद झाला तो निराळ्याच जागी. तिने लिहिले होते, 'अपस्माराचे रुग्ण'. भावाने कागद घेतला, चष्मा लावला, ते खोडले आणि वर बारीक अक्षरात लिहिले : 'फिट येणारी माणसे'. लेख तसाच पाठवला आहे. संपादक ते कसे छापतात ते पाहायचे. अंक अजून आलेला नाही.